काल काय खाल्लं

शाळेच्या ओट्यावर मी वाट्या मांडते.
चार वाट्या, दोन पळ्या, एक चमचा,
पुठ्ठ्याची गोल कापलेली भाकर.
सावरडोहची पोरं रांगेत उभी.
मांडलेल्यातलं काहीच खायचं नाही
हे कळल्यावर मागची दोघं निघून जातात.

काल सकाळी उठल्यापासून
आज सकाळी उठेपर्यंत काय काय खाल्लं, सांग.
असंच विचारायचं असतं. सुचवायचं नसतं.
भाजी खाल्ली का म्हटलं
की सगळीच हो म्हणतात.

आचल सिडाम, इयत्ता चौथी.
सकाऊन दूध. मंग अंडं. मंग सफरचंद.
दुपारी पालकाची भाजी, मोडाची मटकी,
"अन् मासोई."
कोणती वाटी?
सगळ्यात मोठी.
तिच्या पाठीमागे भिंतीवर तक्ता आहे,
दूध, अंडं, सफरचंद, पालक, मटकी, मासा,
याच क्रमानं.
तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.
मी लिहून घेते.
"आणि शाळेतली खिचडी गं?"
"ते तं रोजच रायते," ती म्हणते,
"ते बी सांगाची असते?"

प्रणित कोवे काहीच बोलत नाही.
जेवलो, म्हणतो. काय, तर भात. कशासोबत, तर भात.
मग मी विचारते, मधे काही? येता-जाता?
आणि तो सुरू होतो.
नाल्यावरची बोरं, अर्धी कच्ची.
तुरीच्या शेंगा, कोणाच्या वावरातल्या ते नाही सांगणार.
हरभऱ्याचा कोवळा पाला, आंबट.
बाभळीचा डिंक, एकच, पण मोठा.
पाच रुपयांचं पाकीट तिघांत,
पाकीट चाटलं मात्र त्यानंच.
"अन् पाटीवरची पेन्सिल."

किती?
"अर्धी. थंडगार लागते जी."

बोरांना कोड आहे. डिंकाला नाही.
पेन्सिलीपुढे मी 'इतर' लिहिते
आणि जरा थांबते.
आधी ती जिभेला चिकटते,
मग दाढेखाली बारीक होते,
मग दुपारभर तोंडात राखेचा रंग.
फॉर्मवर हे कुठं लिहू,
आणि मला कोणी विचारलेलंही नाही.

वजनकाट्यावर वंश पेंदाम सावकाश चढतो,
दोन्ही हात मांडीला धरून.
वीस किलो तीनशे.
त्याचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं
आणि वर जागा उरते,
म्हणून मी खिशाकडे बघते.

नाल्यातले गोटे.
एकेक काढून तो बाकावर ठेवतो. सात.
चांगले निवडलेले आहेत, गुळगुळीत, जड.
एकोणीस.
"मागच्या साली गुरुजीनं मोठ्यानं वाचलं होतं जी."
एवढंच म्हणतो.

मी एकोणीस लिहिते, आवाज न करता.
गोटे त्याला परत देते.
तो मोजून घेतो.

दुपारी कासाबाई कुमरे गंजावरचं झाकण काढते.
पिवळी खिचडी. तेल परवाच संपलं.
सांबार तिच्या घरच्या वाफ्यातला,
त्याचं बिल लागत नाही,
म्हणून तो कुठल्याच वहीत नाही.
हात पुसत ती ओट्याशी येते,
माझ्या वाट्या उलट्यापालट्या करून बघते.
"तुमी काल काय जेवल्या मॅडम?"

मी आठवते.
बसमध्ये दोन बिस्किटं. चहा, दोनदा की तीनदा.
रात्री, हो, रात्री काहीतरी होतंच.
ती दुसरी वाटी उचलते, "इतलं?"
माझं बोट आपोआप
तिसऱ्या वाटीकडे सरकतं.

कासाबाई हसत नाही.
मापाची ती तिसरी वाटी घेऊन जाते,
भरून आणते, काठाच्या वर शीग.
आत मिलिलिटरच्या रेघा आहेत,
शेवटची काठाशी संपते.

मघाची दोघं परत आलीत.
ताटल्या घेऊन, रांगेत सगळ्यात पुढं.